घंटा आणि मोबाइल



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका ज्येष्ठ काकांनी आम्हाला सॅक्रिस्टीच्या दारातच गाठले. चेहरा गंभीर होता. "फादर, राग मानू नका, पण एक सांगायचं होतं. सेमिनरीतून जे ब्रदर धर्मशिक्षणासाठी येतात ना, ते मिस्साआधी कोपऱ्यात उभे राहून मोबाइल बघत होते. आमच्या काळी सेमिनरीतला मुलगा खाली मान घालून चालायचा. आता हे काय चाललंय?"

विचारतो, असे आम्ही काकांना सांगितले आणि नाश्त्याच्या वेळी खरोखरच ब्रदरला विचारले. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, कान लाल झाले. म्हणाला, "फादर, आधी सकाळची प्रार्थना म्हणत होतो, ती मोबाइलवरच आहे. ती संपल्यावर कालच्या मॅचचा निकाल बघितला. झोपायची घंटा झाली तेव्हा शेवटच्या चार ओव्हर राहिल्या होत्या."

आम्ही हसलो आणि विषय तिथेच संपवला. पण रात्री तो पुन्हा मनात आला. त्याच्या वयाचे असताना आम्हाला कोणी असे विचारले असते, तर आम्ही काय उत्तर दिले असते? बहुधा पहिले वाक्य सांगितले असते आणि दुसरे गिळले असते. खोटे बोललो नसतो, पण खरेही बोललो नसतो. आठ-नऊ वर्षांच्या सेमिनरी जीवनात ही एक कला आम्ही फार उत्तम शिकलो होतो, आणि ती शिकवणारा तास वेळापत्रकात कुठेच नव्हता.

आज पाचारण रविवार. 1964 सालापासून जगभरची ख्रिस्तसभा या दिवशी नव्या धर्मगुरूंसाठी प्रार्थना करते. आपणही मिस्सात ती करणारच आहोत. पण ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची ते घडतात कसे, आणि आजच्या जगात त्यांना घडवायचे तरी कसे, याचा थोडा विचार आपल्यासोबत करावा असे आम्हाला वाटले. निमित्त मोबाइलचे आहे. प्रश्न मात्र बराच जुना आहे.

नागपूरच्या माणसाला 'सेमिनरी' हा शब्द नवा नाही. बालोद्यानात मुलांना नेणारे, जपानी गार्डनकडे सकाळी फिरायला जाणारे, सगळेच 'सेमिनरी हिल्स' म्हणतात. त्या टेकडीला हे नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडले, हे मात्र रोज तिथून जाणाऱ्यांपैकी अनेकांच्या गावी नसते. ज्यांच्या नावाने ती सेमिनरी आहे ते संत चार्ल्स बोरोमिओ सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप होते. 1563 साली ट्रेंटच्या विश्वपरिषदेने ठरवले की प्रत्येक धर्मप्रांतात भावी धर्मगुरूंसाठी विद्यालय असावे. हा निर्णय ज्यांनी सर्वांत आधी आणि नेटाने अमलात आणला त्यांच्यात संत चार्ल्स अग्रणी होते. त्याआधीची स्थिती काय होती? काही थोडे विद्यापीठात शिकत. बाकीचे एखाद्या धर्मगुरूच्या हाताखाली राहून, बघून बघून मिस्सा म्हणायला शिकत. अनेकांना धड लॅटिन येत नसे, आणि शुभवर्तमान समजावून सांगणे तर दूरच. लोक साक्षर होऊ लागले होते, छापलेली पुस्तके हाती पडत होती, प्रश्न विचारले जात होते. सेमिनरी हे त्या बदलत्या जगाला ख्रिस्तसभेने दिलेले उत्तर होते. तेव्हा 'सेमिनरीने बदलू नये, ती पहिल्यापासून अशीच आहे' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा आम्हाला गंमत वाटते. सेमिनरीचा जन्मच बदलातून झालेला आहे.

या लॅटिन शब्दाचा अर्थ रोपवाटिका. विदर्भातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. वरुड तालुक्यातल्या शेंदुरजनाघाटकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्यांनी संत्र्याच्या नर्सऱ्या पाहिल्या असतील. जंबेरीचे रोप वाढवतात, त्यावर संत्र्याचा डोळा बांधतात, कलम जगेपर्यंत सावलीत ठेवतात. नुकत्या धरलेल्या कलमाला मे महिन्याच्या उन्हात उघड्यावर नेऊन ठेवणारा शेतकरी शहाणा म्हणता येणार नाही. सावली हवीच. पण तेच कलम पिशवीत फार दिवस राहिले, तर मुळे पिशवीच्या आतल्या आत गोल गोल फिरू लागतात. वरून झाड हिरवेगार दिसते. शेतात लावल्यावर मात्र ते जमीन धरत नाही. आणखी एक गोष्ट संत्रा बागायतदार सांगतात. डिंक्या रोग पुष्कळदा नर्सरीतूनच येतो. रोप घेताना तो डोळ्यांना दिसत नाही. पाच-सात वर्षांनी, झाड फळाला आल्यावर, बुंध्यातून डिंक गळू लागतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ, कलम घ्यायचे तर रोगमुक्त रोपवाटिकेतूनच घ्या, असे सांगत असतात.

या उदाहरणाकडे आम्ही पुन्हा येऊ. आधी सावलीच्या बाजूने थोडे बोलू द्या, कारण काकांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे आम्हाला वाटत नाही.

सेमिनरीत घंटा असते. पहाटेची घंटा, प्रार्थनेची घंटा, अभ्यासाची, जेवणाची, मौनाची. आम्ही नवीन असताना या घंटेचा फार राग यायचा. पुस्तकातले पान रंगात आलेले असावे, मित्राशी बोलणे मनाजोगे चाललेले असावे, आणि नेमकी ती वाजावी. वाक्य अर्धे सोडून उठायचे असा नियम होता. त्यामागचे कारण आम्हाला खूप नंतर कळले. धर्मग्रामात आल्यावर रात्री दोन वाजता दार वाजते. मेडिकल कॉलेजमध्ये कोणी तरी शेवटच्या घटका मोजत असते. त्या वेळी 'माझे' जे काही चालले असेल, मग ती झोप का असेना, ते अर्ध्यावर सोडून उठायचे असते. दहा वर्षे घंटेने उठलेल्या माणसाला ते थोडे सोपे जाते. मोबाइलही वाजतोच, तोही बोलावतोच. पण एक फरक आहे. मी न निवडलेल्या कामाकडे घंटा मला नेते, आणि मी आधीच निवडलेल्या गोष्टी मोबाइल मला पुन्हा पुन्हा आणून देतो. म्हणून घंटा राहावी, मौन राहावे, रोज अर्धा-पाऊण तास वेदीसमोर हातात काहीही न घेता बसणे राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. या बाबतीत आम्ही जुन्या विचारांचे आहोत.

मग बदलायला हवे ते काय?

आमची पिढी ज्या पद्धतीने घडली तिच्यात वर्तनाला फार मोल होते. वेळेवर येतो का, खाली बघून चालतो का, उलट बोलत नाही ना, वर्षाच्या शेवटी जो अहवाल व्हायचा त्यात हे सारे असायचे. त्या अहवालावर पुढच्या वर्गात जाणे अवलंबून होते, आणि शेवटी गुरुदीक्षाही. आम्ही जिथे काही वर्षे काढली त्या एका संस्थेत घरून आलेली पत्रे फोडलेल्या स्थितीत हाती पडायची. वाचणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नसावा, ते आमची काळजीच करत असावेत. पण परिणाम काय झाला? आम्ही घरी कळवले की पत्रात विशेष काही लिहू नका. बहिणीचे लग्न मोडल्याचे आम्हाला सुटीत घरी गेल्यावर समजले. आणि आमचा अहवाल त्या वर्षी अतिशय चांगला आला होता.

तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचे नीतिशास्त्र आम्ही दोनदा वाचले. न्यायाची कृत्ये करत राहिल्याने माणूस न्यायी होतो, असे तो म्हणतो. सेमिनरीतले सारे शिस्तपालन या एका विचारावर उभे आहे. सवय आधी, प्रेम मागाहून. पण तोच अॅरिस्टॉटल दोन पाने पुढे गेल्यावर एक अट घालतो, आणि ती आमच्या टिपणांच्या वहीत कधी आली नाही. नुसते कृत्य चांगले असून भागत नाही. करणाऱ्याने ते जाणून करावे, स्वतः निवडून करावे, आणि त्या कृत्यासाठीच करावे. कोणी बघते आहे म्हणून दहा वर्षे मान खाली घातली, तर माणूस नम्र होतो की फक्त मान खाली घालण्यात पटाईत होतो? प्रभू येशूने ज्यांना चुना फासलेल्या कबरींची उपमा दिली, ते लोक नियम मोडणारे नव्हते. नियम अतिशय काटेकोर पाळणारे होते.

आमचे एक धर्मगुरू मित्र या मुद्द्यावर आमच्याशी नेहमी वाद घालतात. ते म्हणतात, "तू मुखवट्याला एवढा का घाबरतोस? लहान मूल आधी नमस्काराचं नाटकच करतं, मग एके दिवशी खरोखर नमस्कार करतं. आपण सगळे तसेच शिकलो." त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि आम्ही ते नाकारत नाही. विश्वास वाटत नसेल तर आधी गुडघे टेक, असा सल्ला पास्कलसारख्या विचारवंतानेही दिला होता. पण आम्हाला यात एक भेद दिसतो. जे माझ्यात अजून आलेले नाही ते यावे म्हणून मी करतो, तो सराव. जे माझ्यात आहे ते दिसू नये म्हणून मी करतो, तो मुखवटा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, आणि अहवाल लिहिणाऱ्याला बाहेरचेच दिसते. अडचण तिथे आहे.

ख्रिस्तसभेला ही अडचण ठाऊक नव्हती असे कोणी समजू नये. 1983 च्या धर्मनियमसंहितेत एक नियम आहे आणि तो आपल्याला सांगितला पाहिजे. सेमिनरीतील विद्यार्थ्याला गुरुदीक्षा द्यावी की नाही, हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचे किंवा त्याचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूचे मत कधीही विचारता येत नाही. म्हणजे सेमिनरीच्या त्या भिंतींच्या आत एक तरी खोली अशी हवी, जिथे खरे बोलल्याने काहीही गमवावे लागणार नाही. नियम उत्तम आहे. पण एका खोलीपुरते खरे आणि बाकी साऱ्या घरभर सांभाळून, अशी विभागणी झाली की माणूस दोन कप्प्यांत जगायला शिकतो. ती सवय गुरुदीक्षेच्या दिवशी सुटत नाही.

आता एक प्रसंग सांगतो. 2006 साली पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले, त्या काळातली गोष्ट. आम्ही डीकन होतो. तत्त्वज्ञानाची पदवी झालेली, ईशज्ञानाच्या परीक्षा झालेल्या, डोके अगदी भरलेले. वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी कापूस पिकवणाऱ्या एका ख्रिस्ती कुटुंबातल्या कर्त्या माणसाने फवारणीचे औषध प्यायले होते. त्याची पत्नी पस्तिशीचीही नसेल. तिने आम्हाला एकच प्रश्न विचारला, "त्यायले देव दूर तं नाई ना ठेवनार?"

आम्ही बोलायला लागलो. मनुष्याची इच्छाशक्ती, तिचे स्वातंत्र्य, देवाने दुःखाला दिलेली परवानगी, ख्रिस्ताचे क्रूस. सुमारे पंधरा मिनिटे आम्ही बोललो असू. त्यात चुकीचे असे काही नव्हते, परीक्षेत चांगले गुण मिळाले असते. ती ताई ऐकत होती. आमचे संपल्यावर म्हणाली, "ब्रदर, तुम्ही जेवले काय?" आणि आत चहा ठेवायला गेली.

थोड्या वेळाने धर्मग्रामाचे वयस्क फादर आले. ते खाली सतरंजीवर बसले. कापूस किती क्विंटल झाला, भाव काय मिळाला, कर्ज सोसायटीचे की सावकाराचे, पोरे कितवीत आहेत, असे विचारत राहिले. बराच वेळ गेला. मग तिने त्यांनाही तोच प्रश्न विचारला. फादर म्हणाले, "नाही ठेवणार, बाई."

परतताना मोटारसायकलवर मागे बसून आम्ही, पदवीधर डीकन, त्यांना म्हणालो, "फादर, हे आपण खात्रीने कसं सांगू शकता?" ते काही बोलले नाहीत. गाव मागे पडल्यावर एवढेच म्हणाले, "तिनं मला परीक्षा घ्यायला बोलावलं नव्हतं."

1917 च्या जुन्या नियमसंहितेनुसार जाणूनबुजून आत्महत्या केलेल्याला ख्रिस्ती विधीने मूठमाती देता येत नसे. 1983 च्या संहितेतून ती बंदी गेली. 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात ख्रिस्तसभा सांगते की तीव्र मानसिक क्लेश, भीती आणि यातना माणसाची जबाबदारी कमी करतात, आणि अशांच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. 'निराश होऊ नये' आणि 'नाही ठेवणार' यांत अंतर आहे. फादर ख्रिस्तसभेच्या शब्दांपलीकडे गेले की नाही, याविषयी आमचे मन आजही पूर्णपणे निःशंक झालेले नाही. खरे बोलण्याची बाजू आम्ही आज मांडतो आहोत, म्हणून हे लपवणे बरे दिसणार नाही. पण एवढे निश्चित की त्या सतरंजीवर बसायला आम्हाला कोणी शिकवले नव्हते.

ते शिकवता येते का? सेमिनरीच्या शिक्षणात आज जे बदल होत आहेत ते या प्रश्नाभोवतीच आहेत असे आम्हाला वाटते. संगणक आणि प्रोजेक्टर आले, ते येणारच होते. मुख्य बदल वेगळा आहे. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने धर्मगुरूंच्या शिक्षणावर स्वतंत्र दस्तऐवज काढला. 1992 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी मानवी घडण हा धर्मगुरूच्या साऱ्या घडणीचा पाया आहे असे सांगितले. 2016 च्या नव्या मार्गदर्शिकेत तर घडणीच्या टप्प्यांनाच नवी नावे दिली गेली. तत्त्वज्ञानाच्या वर्षांना 'शिष्यत्वाचा टप्पा' म्हटले. त्याआधी किमान एक वर्ष तयारीचे ठेवले. ईशज्ञानानंतर धर्मग्रामात लोकांमध्ये राहण्याचा टप्पा ठेवला. मानसशास्त्रज्ञांची मदत घ्यावी, तीही मुलाच्या लेखी संमतीने, असे म्हटले. मुलांच्या घडणीत स्त्रियांचा सहभाग असावा, आणि डिजिटल माध्यमे कशी वापरावीत हेही शिकवावे, असेही त्यात आहे. जुलै 2024 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी साहित्यावर एक पत्र लिहिले. भावी धर्मगुरूंनी कादंबऱ्या आणि कविता वाचाव्यात, त्यातून दुसऱ्याचा आवाज ऐकायची सवय लागते, असा त्याचा आशय. ते स्वतः 1964-65 मध्ये अर्जेंटिनात शाळकरी मुलांना साहित्य शिकवत होते. ते पत्र वाचताना आम्हाला हसू आले. आम्ही मराठी कादंबऱ्या वाचल्या त्या सगळ्या तत्त्वज्ञानाच्या जाड पुस्तकाखाली लपवून.

भाषेचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. सेमिनरीत मुले झारखंड, छत्तीसगड, ओडिशा, केरळ, कुठून कुठून येतात. शिकणे इंग्रजीत होते. मग नवा फादर धर्मग्रामात येतो आणि आजीबाईंचे पापनिवेदन त्याला अर्धे समजते. हे चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाने सोडवलेले कोडे आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले, इथली भाषा शिकले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' लिहिले. ते 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. आणि 2020 च्या जानेवारीत उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. अशी माणसे रोज निपजत नाहीत हे मान्य. पण आपल्याकडे येणाऱ्या ब्रदरशी आपण घाईघाईने हिंदी किंवा मोडकी इंग्रजी बोलू नये, एवढे तर आपल्या हाती आहे. त्याला मराठी चुकू द्या. चुकल्याशिवाय ती येणार नाही.

भाषेसारखेच शेजाऱ्याचे. सेमिनरी हिल्सपासून दीक्षाभूमी काही कोसांवर नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह बौद्ध धर्म स्वीकारला. माणसाला माणूस म्हणून उभे राहता यावे यासाठी धर्म असतो की नाही, हा प्रश्न या शहराच्या मातीत आहे, आणि तो आपल्या ख्रिस्तसभेलाही विचारला गेलेला आहे. भारतातील कॅथॉलिक बिशपांनी 2016 साली दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ख्रिस्तसभेतही जातिभेद टिकून असल्याचे कबूल केले. जर्मन तत्त्वज्ञांची नावे आम्ही तोंडपाठ म्हणू शकत होतो, पण दीक्षाभूमीच्या स्तूपात पहिल्यांदा गेलो ते गुरुदीक्षेनंतर, आणि तेही केरळहून आलेल्या पाहुण्यांना शहर दाखवायला. आजचे ब्रदर तिथे विद्यार्थी असतानाच जातात, प्रश्न विचारतात. आम्हाला त्यांचा हेवा वाटतो.

आता त्या डिंक्या रोगाकडे येतो. हे लिहिताना हात जड होतो, पण टाळता येत नाही. वरच्यांपासून लपवायला जो शिकतो, तो पुढे स्वतः वरच्या जागी बसला की खालच्यांनीही आपल्यापुढे गप्प राहावे अशी अपेक्षा करू लागतो. हिशेब विचारलेला त्याला आवडत नाही. एखाद्या मुलाने किंवा मुलीने तक्रार केली तर आधी संस्थेचे नाव सांभाळावे असे त्याला मनापासून वाटते, आणि त्यालाच तो निष्ठा समजतो. जगभरात ख्रिस्तसभेच्या काही सेवकांकडून बालकांचे शोषण झाले आणि ते दडपले गेले. 2018 च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी साऱ्या देवप्रजेला पत्र लिहिले, तेव्हा त्यांनी या पापाचे मूळ धर्मगुरूंच्या वरचष्म्याच्या वृत्तीत दाखवले, आणि ती वृत्ती धर्मगुरूंबरोबर प्रापंचिकही पोसतात हेही सांगितले. आपल्या देशात 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अशी गोष्ट कळूनही पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. धर्मशिक्षणाच्या प्रत्येक वर्गात दोन मोठी माणसे असावीत असा नियम आपण केला, तेव्हा काहींना तो ब्रदर-सिस्टर यांचा अपमान वाटला. तो अपमान नाही. रोपवाटिका तपासून घेण्यातलाच तो भाग आहे.

आणि आता थोडे आपल्याविषयी, कारण पोपमहोदयांचे ते दुसरे वाक्य आपल्याला उद्देशून आहे. खाली मान घालून चालणारा ब्रदर आपल्याला आवडतो. कधीच न थकणारे, न रागावणारे, ज्यांना एकटेपणा वाटत नाही, शंका येत नाही, असे फादर आपल्याला हवे असतात. 2021 च्या एप्रिल-मे महिन्यांत या शहरात काय चालले होते ते आपण सर्वांनी पाहिले. कधी कधी एका दिवसात दोन-दोन मूठमाती विधी असत, सोबत जेमतेम चार माणसे. 'फादर, कसे आहात?' असे फोनवर कोणी विचारले की आम्ही 'देवाच्या कृपेने छान' म्हणत होतो. आम्ही छान नव्हतो. रात्र रात्र झोप लागत नव्हती. एके दिवशी डबा घेऊन येणाऱ्या एका मावशी दारात थांबून म्हणाल्या, "फादर, छान नका सांगू. कसे आहात ते सांगा." आम्ही सांगितले. त्यांनी ते कुणाजवळ बोलून दाखवले नाही, आमच्याविषयीचा त्यांचा आदरही कमी झाल्याचे जाणवले नाही. मानवी घडण म्हणून सेमिनरीत जे शिकवू पाहतात, त्याचा एक तास आम्हाला वयाच्या चाळिशीनंतर त्या डब्याच्या निमित्ताने मिळाला.

काकांना आम्ही मागच्या रविवारी ब्रदरचे उत्तर जसेच्या तसे सांगितले, मॅचसकट. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शेवटी जिंकलं कोण?" पण लगेच पुढे म्हणाले, "तरी फादर, वेदीजवळ मोबाइल नको." ते बरोबर आहे. ब्रदरलाही आम्ही तेच सांगितले आहे. प्रार्थनेचे पुस्तक कपाटात आहे, सॅक्रिस्टीत ते वापरावे.

या उन्हाळ्यात दोन ब्रदर आपल्या धर्मग्रामात पाच आठवडे राहणार आहेत. यावेळी त्यांचे रात्रीचे जेवण फादरांच्या घरी न ठेवता आठवड्यातून चार दिवस कुटुंबांमध्ये ठेवावे असा विचार आहे. वेगळे काही करू नये. घरात जे शिजेल ते चालेल. कूलर बिघडला असेल, मुलांची भांडणे चालली असतील, आजी आजारी असतील, तरी चालेल, किंबहुना अशाच घरी त्यांनी यावे अशी आमची इच्छा आहे. एकुलता एक मुलगा असलेल्या घरांनी 'आमच्या मुलाला सेमिनरीत ओढाल' या भीतीने मागे राहू नये. आजवर जेवायला बसून कोणी कोणाला ओढल्याचे ऐकिवात नाही. ज्यांना ब्रदरना बोलवायचे आहे त्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर ऑफिसमध्ये नाव, पत्ता आणि सोयीचा वार लिहून द्यावा. ब्रदर साडेसातला येतील आणि साडेनऊला परततील. साडेनऊचे दहा झाले, तर ते उशिराचे कारण आम्हाला स्वतःच सांगतील.

आपला धर्मगुरू